सोड्यात धुतलेला शंख

आमी मूळचे ताडकळसचेच. नाव माझं नागनाथ, पन गावात कुनी नागनाथ म्हनून हाक मारली तर मीच वळून बघनार न्हाई, समदे सोडाअप्पा म्हनतेत. लिंगायताचं घर, जमीन म्हनाल तर दीड एकर, तीबी मुरमाड, म्हनून वडील तरनेपनी परभनीला गेलते. तिथं एक हैदराबादकडचे उस्ताद होते, त्यांचा गोळी सोड्याचा कारखाना, कारखाना म्हंजे काय, एक खोली आन् एक हातानं फिरवायचं चाक, तिथं वडील बाटल्या धुवायला ऱ्हायले आन् बाटल्या धुता धुता सोडा शिकले. मग त्यांनी ताडकळसला येऊन गाडा टाकला, आन् वडलाच्या मागं तो गाडा माझ्याकडं आला. चाळीस वर्सं झाली मी त्याच गाड्यावर हाय, बसस्टँडच्या समोर, बाजाराच्या दिवशी या, मला श्वास घ्यायला टाइम नसतो.

काय सांगू तुमाला, लोकाला वाटतं सोडा म्हंजे पानी आन् गॅस, झालं. असं न्हाई. पान्याला गॅस पाजावा लागतो. वडील सांगायचे, उस्ताद म्हनायचे, गरम पानी बेइमान रहता, गॅस लेता नहीं, लिया तो रखता नहीं. म्हनून पानी थंडगार पाह्यजे, बर्फाचं, मग ते गॅस पितं, गपागपा पितं, आन् बाटली उलटी केली की आतली गोळी गॅसच्या जोरानं वर येऊन तोंडाला बसते, ती बोटानं दाबली की फट्टकन आवाज, आन् पोरं टाळ्या वाजवतेत. दुसरं एक सांगतो. लिंबू न्हाई, मीठ न्हाई, निस्ता सोडा प्या, तरी आंबट लागतो. गिऱ्हाईक म्हनतं अप्पा लिंबू पिळलं का, मी म्हनतो न्हाई बाबा, हा गॅसच असा हाय, पान्यात गेला की पानी आंबट करतो. हे मला वडलाच्या टाइमापासून मालूम होतं. मालूम असून मी काय दिवा लावला ते पुढं सांगतो.

माझ्या बाटल्या लय चकचकीत, हे मी सांगायलो म्हनून न्हाई, कुनालाबी इचारा. आमच्याकडं बोअरचं पानी जड, भांड्याला, बाटलीला पांढरा थर धरतं, घासून निघत न्हाई. बाकीचे लोक त्या थरावरच सोडा भरून इकतेत, आपल्याला ते चालत न्हाई. मी काय करतो, एक मोठं टीप, पिंप म्हना, हाय माझ्याकडं, त्यात उरलेला सोडा वततो आन् किरानातून लिंबाचं सत आनून, ते पांढरे खडे असतेत बगा, ते मूठभर टाकतो. त्यात बाटल्या बुडवल्या की थर आपोआप सुटतो, बुडबुडे येतेत, आन् बाटली काढावी तर काच आरशासारखी. गावातल्या बाया तांब्याची भांडी घेऊन यायच्या, अप्पा तुमच्या टिपात टाका म्हनायच्या. मीबी टाकायचो. आन् खरं सांगतो, मला त्या टिपाची घमेंड होती.

आता माझ्या पोरीचं सांगतो, मग शंखाचं सांगतो, न्हाईतर तुमाला लागनार न्हाई. एकच पोरगी, गिरिजा. हुशार. बारावीनंतर तिनं मासळीच्या शिक्षनाला नंबर लावला. झालं, आमच्या पाहुन्यात बोंबाबोंब. लिंगायताची पोर आन् मासे? आमच्या घरात अंडं सुद्धा शिजत न्हाई. माझी बायको महानंदा, ती तर तीन दिवस बोलली न्हाई पोरीशी. गिरिजा म्हनली, आई मी मासे खायला न्हाई चालले, मासे बघायला चालले. तवा पोरीच्या संगं कोन उभं ऱ्हायलं असंल? आमच्या मठातले वीरभद्र स्वामी. ऐंशीच्या घरातलं मानूस. त्यांनी महानंदाला बोलावून घेतलं आन् म्हनले, माय, जीव वाचवायची इद्या शिकायलीय का मारायची? ही म्हनली वाचवायची म्हनती. मग जाऊ दे की, स्वामी म्हनले. तेवढ्यावर मिटलं. पोरगी शिकली, आन् आता कोकनात समुद्राच्या काठाला एका संस्थेत काम करती.

असे ते स्वामी. आमच्यात कुनी वारलं तर म्हनतेत लिंगैक्य झालं. मग त्याला आंघोळ घालून, इभूत लावून, फुलांच्या विमानात बसवतेत, बसवूनच नेतेत, आन् समाधी देतेत. पुढं स्वामी चालायचे शंख फुंकत. तो शंख त्यांच्या पंज्याचा, खापरपंज्याचा म्हना, कवाचा ते त्यांनाच मालूम नव्हतं. माझे वडील गेले तवा त्याच शंखावर गेले. आईबी गेली. तो आवाज आला की गावातलं लेकरूसुद्धा हातातलं टाकून उभं ऱ्हायचं. नवा शंख असा वाजत न्हाई, पिप्पानीवानी वाजतो. हा जडशीळ होता, छातीतून आवाज यायचा त्याच्या.

तर शिवरात्रीच्या पंधरा दिवस आधी स्वामी गाड्यावर आले, पिशवीतून शंख काढला. पार काळा पडलेला, दिव्याची काजळी, इभूतीचा थर, हाताचा मळ. म्हनले, नागनाथा, माझ्यानं आता घासनं होत न्हाई, जरा धुऊन दे. मी म्हनलो स्वामी, उद्या न्या, आरशासारखा करतो. धुऊन दे म्हनले ते. आरशासारखा कर म्हनले न्हाईत. ते माझंच.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सकाळी टिपात ताजं सत टाकलं, नेहमीपेक्षा जास्तच टाकलं, स्वामींचं काम म्हनून, आन् शंख बुडवला. बुडवल्या बुडवल्या असे बुडबुडे आले म्हनता, नुसतं फसफस फसफस. मी खूश. महानंदाला हाक मारून दाखवलं, बग म्हनलं, किती वर्साचा मळ हाय, कसा निघायलाय. तीबी म्हनली बाई गं. तासाभरानं काढायचा असा माझा इचार. पन बाजार भरला, उनाचे दिवस सुरू झालेले, गाड्यावर ही गर्दी, आन् मी इसरलो. काय लपवू तुमच्यापासून, साफ इसरलो. दिवस गेला, घरी आलो, जेवलो, झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या काढायला टिपात हात घातला आन् हाताला शंख लागला.

पांढरा झालता, व्हय. पांढरा झालता पन खडूवानी. चमक न्हाई काय न्हाई, बोट फिरवलं तर बोटाला पांढरं लागायचं. अंगावर खड्डे, देवी आलेल्या मानसासारखे. कड कागदासारखी पातळ, आन् जिथं तोंड लावून फुंकतेत तिथलं भोक मोठं होऊन वाकडंतिकडं झालतं. टिपाच्या बुडाला पांढरा गाळ. मी तिथंच खाली बसलो. मळ न्हाई ओ निघाला. शंखच निघाला.

मग मी काय केलं? जायचं होतं स्वामींकडं, सांगायचं होतं. गेलो न्हाई. टावेलात गुंडाळून बाटल्यांच्या क्रेटमागं ठेवून दिला. स्वामींनी निरोप धाडला, मी म्हनलो वाळायलाय. चार दिवसांनी पुन्हा निरोप, मी म्हनलो थोडी पालीश ऱ्हायली. ज्या मानसानं माझ्या पोरीची वाट मोकळी केली त्याला मी दोनदा खोटं बोललो. शिवरात्र तोंडावर आली. मला अन्न ग्वाड लागंना. महानंदा रोज म्हनायची जाऊन सांगा, मी तिच्याच अंगावर जायचो.

तेवढ्यात गिरिजा सुट्टीवर आली. आली ती मला मदत करायला म्हनून क्रेट उचलायला लागली आन् टावेल सापडला. तिनं उघडून बघितलं. मला वाटलं आता ओरडंल. ती ओरडली न्हाई. तशीच क्रेटवर बसली आन् शंखावरून बोट फिरवायली. म्हनली, अप्पा, कशात ठेवलता? मी सांगितलं. किती टाइम? मी सांगितलं. म्हनली, मी रोज हेच बघती. आमच्या तिथं सगळं एवढं बारीक असतं, भिंगाखाली बघावं लागतं. एवढं मोठं पहिल्यांदा बघितलं.

मी म्हनलो म्हंजे काय? मग तिनं सांगितलं, आन् मला समजंल असं सांगितलं, माझ्याच धंद्यातलं. अप्पा, तुमच्या सिलिंडरमधला जो गॅस, तोच धुराचा गॅस. ट्रक जळतो, कोळसा जळतो, तेल जळतं, त्यातून तो हवेत जातो. आन् हवेतला गॅस समुद्र पितो. समदा न्हाई, पन लय पितो. थंड पानी जास्त पितं का न्हाई, मग थंडीकडचे समुद्र लवकर बिघडायलेत. मी म्हनलो मग काय समुद्राचा सोडा झाला का? न्हाई म्हनली, तसं म्हनू नका, सोडा लय आंबट, समुद्र जिभेला अजून खाराच लागतो, आंबट म्हनावा असा तो झालाच न्हाई. पन होता त्यापेक्षा आंबटाच्या बाजूला सरकलाय आन् सरकायलाय. आपल्याला कळत न्हाई, पन ज्याला कवच बांधायचं त्याला कळतं. शंख, शिंपले, कालवं, हे समदे पान्यातलाच चुना उचलून घर बांधतेत. पान्यात हा गॅस वाढला की घर बांधायचा मालच कमी पडतो.

मी म्हनलो मोठे शंख इरघळायलेत का तिकडं? म्हनली एका दिवसात असं न्हाई होत अप्पा, तुमी टिपात लिंबाचं सत टाकलं, समुद्रात कोन टाकायलंय. मोठं जनावर कसंबसं भागवतं. मरन हाय ते बारक्याचं. अंड्यातून निघालेलं पिल्लू, एक-दोन दिवसात त्याला पहिलं कवच बांधावंच लागतं, आन् जवळ ताकद किती, अंड्यातनं आनलेली तेवढी शिदोरी. ती समदी घर बांधण्यातच खर्ची पडली तर खाया-पोहायाला काय उरतं? मग पातळ कवच, वाकडं कवच, आन् मरतंय. मी इचारलं, गिरिजा, मी बी चाळीस वर्सं पान्यात हाच गॅस घालायलोय, माझं पाप किती? तशी ती हसली, म्हनली तुमच्या बाटलीतल्या गॅसनं काय समुद्र बिघडत न्हाई, तुमी फक्त शंख बिघडवला. ते जाऊन सांगा.

लेकीनं सांगितल्यावर मग गेलो. तीबी संगं आली. स्वामी मठाच्या ओट्यावर बसलते. मी शरणार्थ म्हनलं, पाया पडलो आन् टावेल पुढं ठेवला. त्यांनी शंख हातात घेतला, अंगठा कडेवरून फिरवला, अंगठ्याला पांढरं लागलं ते बघितलं. मी समदं सांगितलं, टीप, बाजार, इसरलो ते, खोटे निरोप, काही ठेवलं न्हाई. त्यांनी शंख तोंडाला लावला, फुंकला. निसती हवा. सुईऽऽ. पुन्हा फुंकला. तिसऱ्यांदा फुंकला, गालाच्या शिरा फुगल्या त्यांच्या, मला बघवंना. मग खाली ठेवला.

म्हनले, नागनाथा, शंखाचं वाईट वाटलं रे. पन तू गाड्यावरून माझ्याकडं बघून मान खाली घालायलतास ना इतके दिवस, त्याचं जास्त वाटलं. मी रडलो, लाज कशाची. म्हनलो स्वामी, मी नवा आनतो, पोरगी समुद्राकाठीच हाय. ते म्हनले, आन, गावासाठी आन, लोकाला लागंल. पन माझ्या जायच्या टाइमाला तो वाजवायचा न्हाई. मी म्हनलो मग? म्हनले, मग काय, शंखाच्या जागी तू चालायचं. तूच आवाज द्यायचा, मठापासून समाधीपर्यंत. आन् तोंडात धरून न्हाई द्यायचा, मोकळा द्यायचा. मला वाटलं चेष्टा करायलेत. पन ते हसले न्हाईत.

उन्हाळ्यात गिरिजा मला घेऊन गेली शंख आनायला. मी साठीचा झालो तरी समुद्र बघितलेला न्हाई, मोठं पानी म्हंजे येलदरीचं धरन, तेवढंच. तिथं उभा ऱ्हायलो तर, काय सांगू, पलीकडचा काठच न्हाई. मी आधी काय केलं असंल? बोट बुडवून चाटून बघितलं. खारट. पोरगी म्हनली झालं का समाधान. मग तिच्या कामाच्या जागेवर नेलं. आत गेलो आन् मला हसू आलं, कोपऱ्यात सिलिंडर उभं, माझ्याकडं हाय तसंच, नळी तीच, आन् नळीतनं टिपात गॅस चालू. मी म्हनलो गिरिजा, हे तर आपलंच! ती म्हनली हो, फरक एवढाच की मी मोजून थेंबाथेंबानं देती. पन्नास वर्सानं समुद्राचं पानी जसं होईल असा अंदाज हाय, तसं पानी त्या टिपात करायचं, आन् त्यात कालवांची पिल्लं सोडून बघायचं कोन तगतं. शेजारच्या टिपात आजचं पानी.

तिनं मला भिंगातून दाखवलं. आधी आजच्या पान्यातली पिल्लं, मला तर पहिल्यांदा काय दिसंना, मग दिसली, कोथिंबिरीचं बी फोडल्यासारखी, गरगरा फिरायलेली, अंगावर काचेसारखं कवच. मग दुसऱ्या टिपातली. ती फिरत होती, पन हळू. एकाचं कवच एका बाजूनं अर्धवट, जसं स्लॅब टाकायच्या आधी काम थांबलेलं घर. मी म्हनलो हे जगतंय का? न्हाई म्हनली. मग म्हनली, पन अप्पा, ह्यातली काही काही तगतेत, आमी त्यांचीच पिल्लं धरून पुढं वाढवायलो. त्याच्यावर माझं सगळं काम हाय. मी लय येळ भिंगाला डोळा लावून होतो, तिथले लोक मागं थांबलेले, तरी मला उठवंना. माझ्या हातून शंख गेला तर मला स्वामी होते जाऊन सांगायला. ह्या पिल्लांकडं कोन जाऊन सांगनार, आन् कोन्या तोंडानं.

नवा शंख आनला. मठात दिला. बरा वाजतो. स्वामी त्याला हात लावून म्हनले, चांगला हाय, आन् माझ्याकडं बघितलं. मला कळलं की बोलनं इसरले न्हाईत.

पावसाळा सरता सरता स्वामी लिंगैक्य झाले. सकाळी सकाळी, पूजेत बसल्या जागी. मी गिरिजाला फोन केला, ती दिवसभर प्रवास करून आली, तवर विमान सजलं होतं. कुनीतरी नवा शंख काढला. मी म्हनलो न्हाई, तो ठेवा. लोक म्हनले अप्पा, शंखाबिगर कसं? मी सांगितलं स्वामींचं बोलनं. काहींनी ऐकलं, काही म्हनले म्हातारं मानूस चेष्टेत बोललं असंल. मी पुढं जाऊन उभा ऱ्हायलो. आन् खरं सांगतो, घशातून आवाजच येईना. चाळीस वर्सं गाड्यावर थंडाऽऽ सोडाऽऽ म्हनून वरडलेला मानूस, आन् तोंड वासून उभा. पहिला आवाज निघाला तो असा फाटका निघाला की दोन पोरं हसली. मी चालायला लागलो. हर हर म्हनलो. पुन्हा म्हनलो. बसस्टँडपाशी आलो तवा चहाच्या हाटेलातले लोक उठून उभे ऱ्हायले, मग मला जोर आला. एवढ्या जोरानं दिला आवाज की डोळ्यापुढं अंधारी आली. सोसायटीच्या वळनावर माझा आवाज फुटला, निघंच ना, हवा नुसती, शंखातून निघालती तशीच सुईऽऽ. मला वाटलं गेलं आता, ऱ्हायलं स्वामींचं अर्ध्यात. तशी मागून गिरिजा पुढं आली, आमच्यात बाया पुढं चालत न्हाईत, ती आली, माझा दंड धरला आन् तिनं आवाज दिला. हर हर. मोकळा. लोक तिच्या मागं चालत ऱ्हायले. समाधीपर्यंत तिनंच दिला, मी नुसते होट हलवत तिच्या संगं चाललो.

तवापासून माझा आवाज असा हाय, तुमी इचारलं न्हाई, मीच सांगतो. डॉक्टर म्हनले गरम पानी प्या, पितो. गाड्यावर आता वरडनं होत न्हाई, बाटली फोडली की फट्टकन आवाज येतो तेवढ्यावर गिऱ्हाईक येतं. टिपात आता बाटल्याच बुडवतो, दुसऱ्या कुनाचं काही घेत न्हाई, बाया रागावल्या तर रागावू दे. जुना शंख स्वामींच्या संगं समाधीतच ठेवला, मीच ठेवला.

पोरगी परवा फोनवर सांगायलती, तगलेल्या पिल्लांची पुढची पिल्लं निघालीत, त्यातली निम्मी तरी धरतील का बघू म्हनली. मी म्हनलो कळव. सकाळी लिंग हातावर घेऊन पूजेला बसलो की आधी घरच्यांचं मागून घेतो, पोरीचं, महानंदाचं, गावाचं. मग त्या टिपातल्या बारक्यांचं मागतो. त्यांच्या अंगावर कवच धरू दे, म्हनतो. त्यांना नाव न्हाई काही न्हाई, तरी देवाला कळत असंल मी कुनाचं म्हनायलो ते.